तुमचे अशील कोण?

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. मुंबई उच्च न्यायालयात चौदा वर्षे वकिली केल्यानंतर गेली नऊ वर्षे मी जिनिव्हामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका विशेष संस्थेत वरिष्ठ विधी अधिकारी म्हणून काम करते. आफ्रिकेतील एका देशात आमच्या कार्यालयाने भाड्याने घेतलेल्या गोदामाची कुंपणभिंत पावसाळ्यात शेजारच्या टपरीवर कोसळली आणि टपरीचा मालक जागीच गेला. भिंतीला तडे गेल्याचे आमच्याच गोदामपालाने तीन महिने आधी लेखी कळवले होते. मृताच्या पत्नीने नुकसानभरपाई मागितली, उत्तर मिळाले नाही, म्हणून तिने तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. प्रशासन विभागाच्या संचालकांचे म्हणणे असे की आपल्याला न्यायालयीन कारवाईपासून उन्मुक्ती आहे, तेव्हा तीन ओळींचे पत्र पाठवून विषय संपवावा. मी भरपाईच्या बाजूने सात पानी टिपण तयार केले. त्यांनी ते ‘हे लेखी नको’ असे सांगून परत दिले. अशातच सरकारी सेवेतले एक जुने परिचित, मी तयार करत असलेला एका वेगळ्याच विषयावरचा मसुदा इतर देशांच्या आधी पाहायला मागत आहेत, ‘शेवटी तुम्ही आपल्याच’ असे म्हणून. मन उबगले आहे. सगळे सोडून मुंबईला परतावे आणि पुन्हा काळा कोट चढवावा, असे वाटते. मी काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमची ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत, पण प्रश्नाचा गाभा तसाच ठेवला आहे, कारण अशा संघटनांच्या विधी विभागात काम करणाऱ्या प्रत्येकासमोर तो कधी ना कधी उभा राहतो. मी स्वतः अशाच एका संघटनेत बावीस वर्षे काढली आहेत, आणि पुढे जे लिहीत आहे त्यातले काही मला फार उशिरा समजले.

सर्वांत आधी एक काम करा, ज्यासाठी संचालकांच्या किंवा माझ्या मताची वाट पाहण्याचे कारण नाही. गोदामाचा भाडेकरार आणि संघटनेची त्रयस्थांविषयीच्या दायित्वाची विमा पॉलिसी, हे दोन्ही कागद आजच मागवून घ्या. दावा आल्यानंतर ठरलेल्या मुदतीत विमा कंपनीला कळवणे ही बहुतेक पॉलिसींमधली अट असते आणि ती मुदत चुकली तर संरक्षणच हातचे जाऊ शकते. भाडेकरारात इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे का, आणि तडे गेल्याचे गोदामपालाने फक्त आपल्या कार्यालयाला कळवले की मालकालाही, हे पाहा. मालकाला कसलीही उन्मुक्ती नाही, त्यामुळे त्याच्यावर स्थानिक न्यायालयात दावा चालू शकतो. त्रयस्थांच्या नुकसानीची सोय विम्यातून करावी, ही कल्पना या व्यवस्थेत परकी मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पहिल्याच अधिवेशनात, १३ फेब्रुवारी १९४६ रोजी, विशेषाधिकार आणि उन्मुक्ती यांविषयीचा करार संमत केला, त्याच दिवशी आपल्या गाड्यांमुळे होणाऱ्या अपघातांचाही विचार केला आणि सर्व गाड्यांचा त्रयस्थांसाठी रीतसर विमा असला पाहिजे असे ठरवले. आपल्या संरक्षणामुळे रस्त्यावरचा सामान्य माणूस उघडा पडू नये, ही काळजी त्या पिढीला पहिल्या दिवसापासून होती.

आता मूळ प्रश्न. तुम्ही चौदा वर्षे वकिली केली आहे, म्हणून तुमच्याच भाषेत विचारतो : या प्रकरणात तुमचे अशील कोण? न्यायालयात हा प्रश्न पडत नाही, कारण वकीलपत्रावर ज्याची सही तो अशील. संघटनेच्या विधी विभागात कोणी वकीलपत्र देत नाही. रोज समोर येतात ते संचालक, विभागप्रमुख आणि देशपातळीवरचे प्रतिनिधी. तुमच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांचा शब्द मोजला जातो, आणि हळूहळू, आपल्याही नकळत, समोर बसलेला अधिकारी हाच आपला अशील आहे असे वाटू लागते. तसे ते नाही. तुमचे अशील ही संघटना आहे, म्हणजे तिची घटना, तिचे नियम, सदस्य देशांनी तिला दिलेले काम आणि तिने स्वतः पत्करलेली बंधने. संचालक हे त्या अशिलाचे एक अधिकारी आहेत. त्यांचा मान राखा, त्यांची अडचण मनापासून ऐकून घ्या, पण तुमचा सल्ला त्यांना सोयीचा होतो की नाही ही त्याची कसोटी होऊ शकत नाही.

संघटनेने पत्करलेल्या बंधनांकडे नीट पाहा. विशेष संस्थांचे विशेषाधिकार आणि उन्मुक्ती यांविषयीचा करार १९४७ चा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये संस्थेला प्रत्येक प्रकारच्या न्यायालयीन कारवाईपासून उन्मुक्ती दिली आहे, आणि संचालक ज्याच्या आधारे बोलत आहेत ते हेच कलम. मात्र त्याच करारातले कलम ३१ असे सांगते की संस्था ज्यात पक्षकार आहे अशा करारांतून उद्भवणाऱ्या आणि खासगी स्वरूपाच्या इतर वादांच्या निवारणासाठी संस्थेने योग्य व्यवस्था केली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांसाठी असलेल्या १९४६ च्या करारात कलम २९ हेच बंधन घालते. भिंत पडून माणूस दगावणे यापेक्षा खासगी स्वरूपाचा वाद कल्पिता येणार नाही. त्यात धोरणाचा प्रश्न नाही, राजकारणाचा नाही, सुरक्षा परिषदेच्या अधिकाराचाही नाही. कलम ४ वाचून थांबणारा वकील आपल्या अशिलाचा करार अर्धाच वाचतो.

या विषयावर आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही बोलून ठेवले आहे. मलेशियाचे विधिज्ञ परम कुमारस्वामी हे न्यायाधीश आणि वकील यांच्या स्वातंत्र्यासाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक होते. त्यांनी दिलेल्या एका मुलाखतीवरून त्यांच्याविरुद्ध क्वालालंपूरमध्ये बदनामीचे दावे लागले. २९ एप्रिल १९९९ रोजी दिलेल्या सल्लागार मतात न्यायालयाने त्यांची उन्मुक्ती मान्य केली, आणि असे प्रश्न स्थानिक न्यायालयांनी सुनावणीच्या अगदी सुरुवातीलाच निकाली काढले पाहिजेत असेही म्हटले. पण मत तिथेच थांबत नाही. उन्मुक्तीचा प्रश्न वेगळा आणि संघटनेच्या कृतीमुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा प्रश्न वेगळा, संघटनेला अशा नुकसानीची जबाबदारी घ्यावी लागू शकते, आणि तो हिशोब कलम २९ च्या मार्गाने व्हायचा असतो, असे न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवले आहे. तुमच्या टिपणाचा कणा हा असावा असे मला वाटते.

यातून दिसते की तुमचे संचालक अर्धे बरोबर आहेत, आणि हे तुम्ही त्यांना मोकळेपणाने सांगितले पाहिजे. स्थानिक न्यायालयात जाऊन बचाव करा असे मी म्हणत नाही. एका देशातील न्यायालयापुढे संघटना बिनशर्त उभी राहिली तर उद्या दुसऱ्या देशात, जिथे न्यायसंस्था सरकारच्या मुठीत आहे तिथे, तिचे धान्य, औषधे आणि माणसे अडवली जातील. उन्मुक्ती सांगितलीच पाहिजे. पण त्यासाठी दोन पत्रे लागतात, एक पुरत नाही. पहिले पत्र त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाला, नोट व्हर्बालच्या, म्हणजे सहीविना पाठवायच्या औपचारिक राजनैतिक पत्राच्या, रीतसर स्वरूपात, समन्स परत करून संघटनेची उन्मुक्ती न्यायालयाच्या नजरेस आणावी अशी विनंती करणारे. दुसरे पत्र, त्याच दिवशी, त्या बाईंच्या वकिलाला, भरपाईच्या मागणीवर बोलणी करण्याची तयारी दाखवणारे आणि बोलणी फिसकटली तर तटस्थ लवादाचा मार्ग देऊ करणारे. पहिले पत्र दार बंद करते, म्हणून दुसऱ्याने दुसरे दार उघडून ठेवायचे असते. संचालकांना फक्त पहिले पत्र हवे आहे.

दुसरे दार नसेल तर काय, या प्रश्नावर न्यायालयांचे एकमत नाही आणि तुमच्या टिपणात हे प्रामाणिकपणे आले पाहिजे. युरोपियन अवकाश संस्थेच्या डार्मस्टाट येथील केंद्रात काम केलेल्या दोन व्यक्तींनी जर्मनीविरुद्ध आणलेल्या प्रकरणात युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने १९९९ मध्ये, अर्जदारांना दुसरा वाजवी मार्ग उपलब्ध होता का, हा महत्त्वाचा घटक मानला. त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे १९९५ मध्ये झालेल्या हत्याकांडातील मृतांच्या नातेवाइकांच्या संघटनेने नेदरलँड्सविरुद्ध आणलेल्या प्रकरणात मात्र, दुसरा मार्ग नसला तरी एवढ्यावरून संयुक्त राष्ट्रांची उन्मुक्ती नाहीशी होत नाही असे म्हटले. त्यामुळे भरपाई दिली नाही तर आपण न्यायालयात हरूच, असे भय दाखवू नका. ते खरे ठरेल असे नाही, आणि वकिलाने आपल्या अशिलाला खोटे भय दाखवणे हीसुद्धा एक प्रकारची फसवणूकच आहे. भरपाई द्यायची ती करार सांगतो म्हणून, आणि निष्काळजीपणा आपला होता म्हणून.

भय दाखवायचे नसले तरी किंमत सांगायला हरकत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलऱ्याची साथ पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका छावणीतील मैला आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात गेल्यामुळे ती आली, असे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या देशात सुमारे १०,००० माणसे मेली. २०११ मध्ये हजारो पीडितांच्या वतीने भरपाईचे अर्ज आले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांना उत्तर मिळाले की हे दावे विचारात घेण्याजोगे नाहीत, कारण त्यांत राजकीय आणि धोरणात्मक बाबींची तपासणी करावी लागेल. मग पीडित न्यायालयात गेले, पण न्यूयॉर्कच्या न्यायालयांत संयुक्त राष्ट्रे जिंकली, २०१५ मध्ये आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये अपिलातही. तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महासचिव बान की-मून यांना हैतीच्या जनतेची क्षमा मागावी लागली. मदतीसाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, पण तोवर देशांचा उत्साह ओसरला होता आणि निधी फारच थोडा जमला. त्या काळात विधी विभागात काम करणाऱ्या अनेकांच्या मनाला २०१३ चे ते नकाराचे उत्तर लागून राहिले होते. खटला जिंकूनही संघटनेने ज्या गोष्टीच्या बळावर जगभर बोलायचे असते, तीच गोष्ट गमावली होती.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. कच्छमधील मुंद्रा येथील कोळशावर चालणाऱ्या वीजप्रकल्पाला जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि शेतकरी म्हणू लागले की प्रकल्पातून सोडलेल्या गरम पाण्यामुळे मासे गेले, राखेने पिके गेली, जमिनीत खारे पाणी शिरले. महामंडळाच्या स्वतःच्या तक्रार यंत्रणेनेही २०१३ मध्ये देखरेखीतल्या उणिवा दाखवून दिल्या, पण व्यवस्थापनाने त्यांतल्या बऱ्याच नाकारल्या. शेवटी ही माणसे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली, आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी त्या न्यायालयाने सात विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की अमेरिकेच्या १९४५ च्या कायद्याखाली अशा संघटनांची उन्मुक्ती निरपवाद नाही, परदेशी सरकारांना जेवढी मिळते तेवढीच ती आहे. पुढे, वादाचे मूळ अमेरिकेत नसून भारतात आहे या कारणावरून त्या मच्छीमारांचा दावा फेटाळला गेला आणि त्यांच्या हाती काही आले नाही. पण संघटनांच्या बाजूने पाहा. आपल्याच तक्रार यंत्रणेचे म्हणणे वेळेवर मनावर घेतले असते तर अमेरिकेत निरपवाद समजली गेलेली उन्मुक्ती एका खटल्यात आक्रसण्याची वेळ कदाचित आली नसती. पायंडा पडेल ही भीती संचालक नक्की बोलून दाखवतील. पैसे दिल्याने पायंडा पडतो, तसा तो न दिल्यानेही पडतो, हे त्यांना याच उदाहरणावरून समजावून सांगा.

माझे स्वतःचे एक पत्र इथे सांगितले पाहिजे. तेव्हा मी तुमच्यापेक्षा लहान होतो. कंत्राटदारामार्फत ठेवलेला रात्रीचा एक पहारेकरी आमच्या आवारात विजेचा धक्का लागून मेला. त्याच्या वडिलांनी अर्ज केला. तो आमचा कर्मचारी नव्हता, आणि संघटनेला उन्मुक्ती होती. मी चार ओळींचे उत्तर लिहिले, ज्यात कायद्याने एकही चूक काढता आली नसती, आणि वरिष्ठांनी माझे कौतुक केले. सहा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या गावी गेलो असता एक म्हातारे गृहस्थ मला भेटायला आले. त्यांनी ते पत्र प्लास्टिकमध्ये घालून जपले होते. त्यांना भांडायचे नव्हते. पत्र इंग्रजीत होते, गावातल्या शिक्षकाने वाचून दाखवले होते, पण त्याचा अर्थ कोणालाच नीट लावता आला नव्हता, आणि आपल्या मुलाविषयी त्या पत्रात नेमके काय लिहिले आहे एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यात त्यांच्या मुलाविषयी काहीही लिहिलेले नव्हते. त्याचे नावसुद्धा मी विषयाच्या ओळीत एकदाच घातले होते. मी त्यांना ते सांगितले, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या पत्राशिवाय पहिले पत्र माझ्या टेबलावरून गेले नाही. त्या पहिल्या उत्तराची भरपाई मात्र मला करता आली नाही.

आता टिपणाविषयी. सात पाने फार झाली. वरिष्ठ पदावरच्या वकिलाचा अभ्यास पानांच्या संख्येवरून जोखला जात नाही. दोन पाने करा. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, मग घटना तारखांसह, गोदामपालाचे पत्र जसेच्या तसे, मग कलम ४ आणि कलम ३१ शेजारी शेजारी, आणि शेवटी निर्णय घेणाऱ्यापुढे खरेखुरे पर्याय. दायित्व मान्य न करता सानुग्रह रक्कम देणे हा एक पर्याय आहे, आणि संचालकांना तोच सर्वांत सोपा वाटेल. रीतसर तडजोड करून रक्कम देणे आणि दावा संपल्याचा करार करणे हा दुसरा, लवाद हा तिसरा. माझा कल तडजोडीकडे आहे, कारण सानुग्रह रकमेत उपकाराचा सूर असतो आणि त्या बाईंना उपकार नको आहेत. तडजोडीचा करार त्यांच्या भाषेत असावा, त्यांच्या वकिलाने तो त्यांना समजावल्याची नोंद त्यात असावी, आणि रक्कम त्या देशातील न्यायालये अशा मृत्यूंसाठी जे निकष लावतात त्यांनुसार काढावी. शांतिसेनेविरुद्धच्या दाव्यांसाठी आमसभेने १९९८ मध्ये ५०,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली आहे. ती तुमच्या संस्थेला लागू नाही, पण मृत्यूच्या भरपाईचा आकडा या व्यवस्थेत काही नवीन नाही हे दाखवायला ती उपयोगी पडेल.

लेखनाचा नमुना हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन विधी सल्लागार हान्स कोरेल यांनी २९ जानेवारी २००२ रोजी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांना पाठवलेले, पश्चिम सहारा या मोरोक्कोच्या ताब्यातील वादग्रस्त प्रदेशाविषयीचे पत्र काढून वाचा. ते प्रसिद्ध आहे. तिथल्या समुद्रातील खनिज तेलाच्या शोधासाठी मोरोक्कोने परदेशी कंपन्यांशी केलेले करार कायदेशीर आहेत का, एवढेच त्यांना विचारले होते. त्यांनी उत्तर दिले की हे विशिष्ट करार स्वतःहून बेकायदा ठरत नाहीत, आणि त्याच दमात सांगितले की तेथील लोकांचे हित आणि इच्छा डावलून शोध आणि उत्खनन पुढे गेले तर मात्र आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होईल. विचारले तेवढ्याचे नेमके उत्तर आणि जिथे पाऊल घसरेल त्या जागेची खूण, दोन्ही एकत्र. त्यात एकही आवेशाचे वाक्य नाही. तुमच्या सात पानांत आवेश बराच असावा, असा माझा अंदाज आहे, आणि तो चुकीचा असेल तर क्षमा करा.

‘लेखी नको’ याचे काय करायचे? संचालक प्रशासनाचे आहेत, विधी विभागाचे नाहीत, त्यामुळे तुमचा सल्ला कोणत्या स्वरूपात असावा हे ठरवणे त्यांचे काम नाही. हे तावातावाने सांगू नका. त्यांना भेटून सांगा की निर्णय तुमच्या अधिकारातला असेल, पण कायद्याचे मत नस्तीवर असणे हे तुमच्याही हिताचे आहे, कारण तीन महिने आधीचे ते तड्यांचे पत्र कुठे ना कुठे आहेच आणि लेखापरीक्षक एक दिवस ते वाचणार आहेत. मग दोन पानी टिपण गोपनीय असा शिक्का मारून तुमच्या संस्थेच्या विधी सल्लागारांकडे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या वरिष्ठांकडे, रीतसर पाठवा. त्यांनी वाचूनही वेगळा निर्णय घेतला तर तो त्यांचा अधिकार आहे. तुम्ही तुमचे काम केलेले असेल. फक्त एक गोष्ट करू नका : ते टिपण त्या बाईंच्या वकिलापर्यंत पोहोचवण्याचा मोह टाळा. त्यांच्याबद्दल तुम्हाला किती वाईट वाटते ते तुमच्या पत्रात दिसते, पण अशिलाचा विश्वास मोडून दुसऱ्या बाजूला मदत करणारा वकील दोन्ही बाजूंच्या उपयोगाचा राहत नाही.

या सगळ्याचा राग तुमच्या कराराच्या नूतनीकरणावर निघेल ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती ओळींमधून दिसते. मुदतीच्या नेमणुकीला नूतनीकरणाची हमी नसते हे खरे, तरी मनात डूख धरून नूतनीकरण नाकारणेही चालत नाही. जिनिव्हातील बऱ्याच संस्थांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणाचे अधिकारक्षेत्र स्वीकारले आहे. तिथे अंतिम निर्णय कळल्यापासून ९० दिवसांत तक्रार करावी लागते, आणि त्याआधीच्या अंतर्गत अपिलाच्या मुदती याहूनही कमी असतात. आपल्या सेवानियमांत त्या शोधून दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. चांगले चांगले वकील स्वतःच्या प्रकरणात मुदत चुकवतात, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे परिचितांना मसुदा आधी दाखवावा का याचे, उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम १०० कर्मचाऱ्यांना कोणत्याही सरकारकडून सूचना मागण्यास किंवा घेण्यास मनाई करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत कलम ३७ आणि श्रम संघटनेच्या घटनेत कलम ९ तेच सांगते, आणि तुमच्या संस्थेच्या घटनेतही तसे कलम असणारच. यातला अर्धा भाग अनेकदा विसरला जातो : सदस्य देशांनीही कर्मचाऱ्यांवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न न करण्याचे वचन दिलेले असते. म्हणजे तुमच्या परिचितांची विनंती तुम्हाला जशी बाधते, तशीच ती त्यांच्या सरकारच्या शब्दालाही बाधते. त्यांना सौम्यपणे कळवा की मसुदा तयार झाल्यावर तो सर्व सदस्य देशांना एकाच दिवशी मिळेल, आणि काही सूचना असतील तर त्या शासनाच्या अधिकृत मार्गाने आल्यास त्यांचा पूर्ण विचार होईल. मग त्या संभाषणाची दोन ओळींची नोंद ठेवा.

हे कलम केवळ शोभेचे नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साम्यवादविरोधी चौकशांचा जोर असताना संयुक्त राष्ट्रांतील अनेक अमेरिकी कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या स्वतःच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांच्यापैकी ११ जणांना भरपाई देण्याचा निर्णय दिला, आणि ती द्यावी की नाही यावर आमसभेत वाद झाला. १३ जुलै १९५४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की हे निवाडे संघटनेवर बंधनकारक आहेत आणि आमसभा ते नाकारू शकत नाही. एका बलाढ्य सदस्य देशाच्या रोषासमोर कर्मचाऱ्याला उभे राहता यावे म्हणून ही भिंत बांधली गेली. ओळखीखातर तिच्यातली एक वीटही काढू नका. घरी सुट्टीला गेल्यावर मावशी, काका विचारतात की तिथे बसून आपल्या देशासाठी काय करतेस, आणि तेव्हा घशाशी आवंढा येतो, हे मला माहीत आहे. मी त्यांना सांगत असे की आपला देशही या संघटनेचा सदस्य आहे, आणि उद्या एखाद्या बलाढ्य देशाने आपल्याविरुद्ध आतून काही करवून घ्यायचे म्हटले तर तिथला वकील नाही म्हणणारा असावा, हे आपल्याही हिताचे आहे. त्यांना ते पटत असे.

परत येण्याबद्दल मी थोडेच लिहितो, कारण तो निर्णय या प्रकरणाच्या रागात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम ४९. तुम्ही जिनिव्हाला जाताना महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला लेखी कळवून व्यवसाय स्थगित केला होता का, हे तुमच्या पत्रात नाही. कळवला असेल तर पुन्हा सुरू करण्यासाठी शपथपत्रासह अर्ज करता येतो आणि सनद गेलेली नसते. नसेल कळवला, तर पुढच्या सुट्टीत मुंबईत उतराल तेव्हा कोल्हापूरची गाडी धरण्याआधी बार कौन्सिलच्या कार्यालयात जाऊन, झालेल्या विलंबाचे कारण लिहून, ते आधी नियमित करून घ्या. नऊ वर्षांनंतर जुने सॉलिसिटर लगेच कामे देतील अशी अपेक्षा ठेवू नका. पहिली दोन वर्षे अवघड जातील. पण लवाद आणि परकीय पक्षकारांच्या करारांचे काम मुंबईत आज पुष्कळ आहे, आणि त्यात तुमची ही नऊ वर्षे मोलाची ठरतील. त्या बाईंच्या वकिलाला दुसरे पत्र गेल्यानंतर, आणि त्याचे उत्तर आल्यानंतर, हा विषय पुन्हा काढा. तुम्हाला मला पुन्हा पत्र लिहावेसे वाटले तर जरूर लिहा.